घरात मोबाईलला जागा ठरवून द्यायची ती कशी

मोबाईल घरातून हद्दपार करा असं सांगणारे खूप भेटतात, पण आमच्या घरात ते शक्यच नाही आणि मला वाटतं तुमच्याकडेही नसेल. आमचे हे नाशिकच्या अंबड एमआयडीसीत शिफ्टला, शिफ्ट बदलली तर निरोप ग्रुपवरच येतो. दीर निफाडला, द्राक्षबाग आहे, ढग भरून आले की डाऊनी रोगाची धास्ती, मग पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि कुठली फवारणी घेऊ ते विचारायचं, तो फोन काढून घेतला तर त्यांचं अख्खं पीक धोक्यात. लेकीच्या शाळेचा अभ्यास पीडीएफ होऊन येतो, माझा बचत गट व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो, आणि सासूबाईंना लांब राहणाऱ्या नातवाचं तोंड दिसतं ते त्या काचेतच. आणि त्याच घरात रात्री ताटं वाढली की सगळ्यांच्या माना खाली, आमटी गार होतेय आणि कोणाला पत्ता नाही. हे दोन्ही खरं आहे. म्हणून मोबाईलचा राग पण येतो आणि तो सापडला नाही तर जीव पण कासावीस होतो, यात चुकीचं काही नाही, सगळ्यांचं असंच आहे.

जे घरोघरी बघितलंय, आमच्या सिडकोतल्या बायकांशी बोलून जे कळलंय आणि आमच्याकडे जे टिकलंय ते सांगते. मुख्य गोष्ट एकच, नियम माणसाला लावायचा नाही, जागेला आणि वेळेला लावायचा. "तू मोबाईल बघू नकोस" म्हटलं की भांडण होतं, "जेवणाच्या टेबलावर मोबाईल येत नाही" म्हटलं की तो सगळ्यांचा नियम होतो, सासऱ्यांपासून शेंडेफळापर्यंत. दारात चपलांची जागा ठरलेली असते तशी मोबाईलची ठरवायची, बास.

आधी आठवडाभर नुसतं बघा

लगेच नियम काढू नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून असतं, आयफोनला त्याला स्क्रीन टाइम म्हणतात, त्यात कुठल्या अ‍ॅपवर किती वेळ गेला ते दिसतं, आणि अँड्रॉइडवर दिवसात किती वेळा फोन अनलॉक केला तेही दिसतं. मला तर तो अनलॉकचा आकडाच जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तास कामाचे पण असू शकतात, पण भाजी फोडणीला टाकताना, कुकरची शिट्टी होईपर्यंत, लिफ्टमध्ये, असं सारखं सारखं उघडणं हे कामाचं नसतं, ते हाताला लागलेलं वळण असतं. घरातल्या प्रत्येकाने आपापला आकडा स्वतः बघायचा, दुसऱ्याचा फोन हातात घेऊन "बघ बघ किती बघतोस" असं करायचं नाही, तिथेच सगळं फिसकटतं.

त्या आठवड्यात फ्रिजला एक कागद लावा. आपण फोन कशाकशाला वापरतो ते ज्याने त्याने लिहायचं आणि पुढे एवढंच की हे बंद झालं तर कोणाचं अडेल का. कांद्याचा लासलगावचा भाव बघणं, अडेल. शाळेचा ग्रुप, अडेल. गॅसचं बुकिंग, लाईट बिल, अडेल. रील्स, नाही अडणार. सोसायटीच्या ग्रुपवरचे शंभर गुड मॉर्निंग, नाही. नातेवाईकांच्या ग्रुपवर मात्र वाद होतो, होऊ द्या, कारण तिथे निम्मं फॉरवर्ड असतं आणि निम्मं मामाच्या ऑपरेशनची खबर असते. असे ग्रुप म्यूट करून ठेवायचे आणि दिवसातून एकदा निवांत उघडायचे.

मग एकदा सगळे बसा

रविवारी मिसळ होते ना घरी, किंवा बाहेर जातो आपण मिसळ खायला, ती वेळ चांगली, सगळे खुशीत असतात. कोणाची तरी चोरी पकडल्यावर ही बैठक घ्यायची नाही, ती मग कोर्ट होते. आणि मुलांना आधी बोलू द्या. त्यांना विचारा की आमच्या मोबाईलचं तुला काय आवडत नाही. बहुतेक घरांत उत्तर एकच येतं, तुम्ही हं हं म्हणता पण ऐकत नसता. ऐकून घ्यायचं, लगेच "अरे पण ऑफिसचं काम असतं" असं तोडायचं नाही. मुलांचं पटलं की मगच ती आपलं ऐकतात. नियम पण दोन-तीनच ठरवा, दहा ठरवले की एकही राहत नाही.

जागा

आमच्याकडे हॉलमध्ये शोकेसच्या वरच्या फळीवर एक्स्टेंशन बोर्ड आहे, सगळे चार्जर तिथेच, बाजूला स्टीलचा एक पसरट डबा, रात्री सगळ्यांचे फोन त्या फळीवर. बेडरूममधले चार्जर काढूनच टाकायचे, हे सगळ्यात मोठं काम करतं, कारण चार्जर पलंगाशी असला की फोन उशीशी येतो आणि मग झोपायच्या आधी "दोनच मिनिटं" बघायला घेतलेलं कधी संपतं ते कळत नाही. लोक म्हणतात गजर कसा लावायचा. गजराचं घड्याळ आणा, मेन रोडला घड्याळाच्या दुकानात मिळतं, महाग नसतं.

आणि रात्री कोणाचा महत्त्वाचा फोन आला तर? ही भीती खरी आहे, म्हातारे आईवडील गावाला असतात. फोन हॉलमध्ये असला तरी रिंग मोठी ठेवा म्हणजे फोन आला की ऐकू येतो, बाकी मेसेजचे आवाज बंद. त्यासाठी डू नॉट डिस्टर्ब लावायचं आणि त्यात घरच्यांचे नंबर स्टार करून ठेवायचे, त्यांचे कॉल वाजतात, बाकीचे शांत. अँड्रॉइडमध्ये अजून एक सोय आहे, अनोळखी नंबरवरून पण पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू दे असं सेट करता येतं, म्हणजे दवाखान्यातून वगैरे कोणी करत असेल तर चुकत नाही. हे सेटिंग एकदा करून, आपणच एकमेकांना फोन लावून तपासून बघा, नुसतं लावून सोडू नका.

शिफ्टवाल्या माणसाला सूट द्यायचीच. नाईट करून सकाळी आलेला माणूस चहा पिताना जरा फोन बघतो, बघू दे. त्याचा जेवणाचा आणि झोपेचा वेळ वेगळा तर त्याची मोबाईलची वेळ पण वेगळी, फक्त जागा तीच, फळी.

वेळ

आपल्या लहानपणी आपण शिस्तीचे होतो म्हणून फोन कमी होता असं नाही. भारतात पहिला मोबाईल कॉल १९९५ च्या ३१ जुलैला झाला, आणि पुढे कितीतरी वर्षं आलेला फोन उचलायला पण पैसे पडायचे, २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. तेव्हा लोक मिस कॉल द्यायचे, एक म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. टीव्हीची मालिका पण अर्ध्या तासाने संपायची, संपली की उठायचो. म्हणजे मर्यादा बाहेरून यायची, पैशाने नाहीतर घड्याळाने. २०१६ नंतर डेटा एकदम स्वस्त झाला आणि रील तर संपतच नाही, एक सरकवली की पुढची तयार असते. आता बाहेरून कोणी थांबवत नाही म्हणून थांबायची वेळ घरानेच लावायची, याच्यात मुलांना वाईट ठरवायचं कारण नाही, मोठ्यांचं पण तेच होतं.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचं वडगाव आहे, तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास गावात टीव्ही मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. मला यात आवडलं ते हे की अख्खं गाव बंद करतं, त्यामुळे माझंच काहीतरी हुकतंय असं कोणाला वाटत नाही. घरात पण तसंच करा, सगळ्यांचा मिळून एक तास, जेवण धरून. आमच्याकडे साडेआठ ते साडेनऊ. तुमच्याकडे दुकान असेल, शालिमारला किंवा रविवार कारंजाला, तर दहा वाजता जेवणं होतात, मग तेव्हाचा.

पण त्या तासात करायचं काय हे आधी ठरलेलं पाहिजे. नाहीतर सगळे भिंतीकडे बघत बसतात आणि तीन दिवसांत फोन परत येतात. जेवण झाल्यावर मेथीची जुडी मध्ये ठेवली की हात आपोआप कामाला लागतात आणि हात गुंतले की तोंडं सुटतात, हे मी खूपदा बघितलंय. वाटाण्याच्या दिवसांत शेंगा सोलायला, उन्हाळ्यात कुरडयांच्या गव्हाचं नाहीतर लोणच्याच्या कैऱ्यांचं काहीतरी काढायचं. पत्ते, कॅरम आहेच. गंगापूर रोडकडे राहणाऱ्यांना गोदापार्कला चक्कर मारता येते. आणि कधीकधी नुसतं पडून राहिले सगळे तरी चालेल, मुलांना कंटाळा येऊ द्या, कंटाळा आला की पोरं काहीतरी काढतातच.

लहान मुलं

याच्यावर मला जास्त बोलायचंय कारण इथेच आयांना सगळ्यात जास्त बोल लागतो. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आहे, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, त्यांचं सांगणं असं की दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, फक्त आजी-आजोबांशी वगैरे अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल, आणि दोन ते पाच वयाला दिवसात जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी बसून. जागतिक आरोग्य संघटनेने पण २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना एका तासाच्या वर नको, कमी तेवढं बरं, असंच सांगितलंय.

आता घरात एकटी बाई, स्वयंपाक, धुणं, आणि मूल कंबरेला, तिने मोबाईल दिला तर तिला नावं ठेवू नका, तिच्या हातातलं एखादं काम घ्या. नवऱ्याने, सासूने, दिराने, जो घरात असेल त्याने. मोबाईल कमी करायचा हा उपाय सगळ्यात आधी, बाकी सेटिंगं नंतर.

सवय मोडायची तर पहिल्यांदा जेवणाची. मोबाईल बघत भरवलेलं मूल पोट भरलं का नाही याच्याकडे लक्ष देत नाही, चव पण कळत नाही. एकदम सगळ्या वेळा बंद करू नका, सकाळची न्याहारी आधी घ्या, त्याला पाटावर आपल्यासोबत बसवा, ताटलीत त्याचं त्याला खाऊ द्या, सांडेल, सांडू दे. दोन-चार दिवस रडेल, कमी खाईल, घाबरून जायचं नाही, भूक लागली की खातं. मूल खरंच खात नसेल, वजन घटत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

हातातून हिसकावून घेऊ नका. व्हिडिओ मध्येच बंद केला की आकांत होतो, तो संपल्यावर बंद केला की कमी होतो. म्हणून यूट्यूबचं ऑटोप्ले बंद ठेवा, व्हिडिओच्याच वरच्या बाजूला ते बटण असतं, म्हणजे एक संपला की पुढचा आपोआप लागत नाही. सुरू करतानाच सांगायचं, हा एक आणि हा एक, मग ठेवायचा. आणि काढून घेतला की हातात दुसरं काहीतरी लगेच आलं पाहिजे, कणकेचा गोळा, डब्यांची झाकणं, पाण्याची बादली आणि वाटी, काहीही. फोन लहान मुलाच्या नावाने लावायचा असेल तर गूगलचं फॅमिली लिंक अ‍ॅप वापरा, त्यात आपल्या फोनवरून रोजची वेळ ठरवता येते आणि रात्री अमुक वाजता बंद असंही लावता येतं.

मोठी मुलं

आठवी-नववीची पोरं वेगळी. तिथे कुलूप चालत नाही, ती आपल्यापेक्षा हुशार असतात फोनमध्ये. शाळेचा ग्रुप आईच्या फोनवर आणि रात्री साडेनऊला निरोप येतो की उद्या चार्ट पेपर आणा, मग मुलगी फोन घेते, चार्टचं बघायला, आणि तासाने सापडते रील्समध्ये. याला उपाय म्हणजे त्या ग्रुपवरचं सगळं संध्याकाळी सहाला एकदा वहीत उतरवून घ्यायचं, आणि पीडीएफ जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणायची, थोडे पैसे जातात पण अभ्यास कागदावर होतो. वर्गातल्या दोन-चार पालकांनी मिळून शिक्षकांना नीट विनंती केली की निरोप सात वाजायच्या आत टाका, तर बरेचदा ऐकतात हो.

त्यांचे चॅट चोरून वाचू नका, एकदा कळलं की कायमचा विश्वास जातो. त्यापेक्षा आधीच सांगून ठेवा, कोणी अनोळखी फोटो मागितला, धमकी दिली, पैसे मागितले, तर आम्हाला सांग, आम्ही तुला ओरडणार नाही आणि फोन पण काढून घेणार नाही. हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे. फोन जाईल या भीतीनेच मुलं लपवतात आणि प्रकरण वाढत जातं.

घरातली मोठी माणसं

आजी-आजोबांच्या मोबाईलवर कोणी बोलत नाही. दुपारभर एकटं बसलेल्या माणसाला हरिपाठ, कीर्तन, जुनी नाटकं, गावाकडच्या मैत्रिणीचा आवाज, हे सगळं त्याच्यात मिळतं, ते मोलाचं आहे. "आई तुम्ही पण आता" असं म्हणून त्यांना लाजवायचं नाही. त्यांना कानाला त्रास होणार नाही असा छोटा स्पीकर आणून द्या, म्हणजे ऐकायचं असेल तेव्हा स्क्रीनकडे बघत बसावं लागत नाही. यूट्यूबची हिस्टरी पुसून बंद करून ठेवली तर पहिल्या पानावर काहीबाही व्हिडिओ सुचवणं थांबतं, जे शोधलं तेच दिसतं, आमच्याकडे याचा खूप उपयोग झाला, कारण हरिपाठ संपल्यावर कुठला तरी घाबरवणारा आरोग्याचा व्हिडिओ लागायचा आणि मग सासूबाई गोळ्या बंद करते म्हणायच्या.

आणि फसवणूक. हे त्यांना शांतपणे, जवळ बसून, एकापेक्षा जास्त वेळा सांगावं लागतं. पैसे मिळवायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला म्हणजे आपले पैसे जाणार. डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत, तसा फोन आला की कट करायचा आणि घरच्याला हाक मारायची. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका म्हणून फाईल आली आणि नावाच्या शेवटी एपीके असेल तर उघडायची नाही, ती पत्रिका नसते, अ‍ॅप असतं, फोनमध्ये शिरून मेसेज वाचतं. यूपीआयला जोडलेल्या खात्यात थोडेच पैसे ठेवा, पेन्शन आणि एफडीचं खातं वेगळं. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत अनोळखी कॉल सायलेंट करायची सोय आहे ती लावून द्या, आणि ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथे फक्त ओळखीचे असं निवडा.

एवढं करूनही पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, जेवढं लवकर तेवढी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि त्या माणसाला ओरडायचं नाही. चांगले शिकलेसवरलेले लोक फसतात. ओरडलं की पुढच्या वेळी म्हातारं माणूस सांगतच नाही, आतल्या आत कुढत बसतं, ते मला बघवत नाही.

बारीकसारीक

गाडीवर असलेल्या माणसाला फोन लागला तर पहिला प्रश्न "गाडीवर आहेस का" आणि हो म्हटलं की आपणच ठेवून द्यायचा. द्वारका सर्कलच्या गर्दीत मान वाकडी करून बोलणारे रोज दिसतात, पलीकडून बोलणारा घरचाच असतो.

घरातल्या प्रत्येकाला घरच्यांचे निदान दोन नंबर पाठ पाहिजेत, मुलांना तर नक्कीच. २०२७ ला सिंहस्थ आहे, रामकुंडावर केवढी गर्दी होणार, गर्दीत नेटवर्क जाम होतं, बॅटरी संपते, फोन पडतो. लहान मुलाच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि चुकलो तर कुठे थांबायचं ते आधी ठरलेलं. हे आत्ता रविवारच्या बाजारात पण करून बघता येतं.

परीक्षा, दिवाळीची सुट्टी, द्राक्षांचा हंगाम, घरात आजारपण, यात नियम मोडणारच. मोडू दे, फक्त परत कधीपासून लावायचा ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पाहुणे आले की त्यांच्या मुलांना फोन देऊ नका असं तोंडावर सांगू नका, कॅरम मांडा, येतात उठून.

आणि सगळ्यांच्या फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून जो पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर येतो तो एका वहीत लिहून कपाटात ठेवा, फोन हरवला तर पोलिसात तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर येतात, दोन्ही लिहा.